पाच सेकंदांची ओळ

डेटाबेसच्या त्या व्हीएमवर, म्हणजे आभासी मशीनवर, लॉग उघडला की पडदा वाहायलाच लागायचा. मल्टिपाथडी नावाच्या डीमनच्या, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चार ओळी. ‘एसडीए, अ‍ॅड मिसिंग पाथ’, मग ‘फेल्ड टू गेट यूडेव्ह यूआयडी’, मग ‘फेल्ड टू गेट सिसएफएस यूआयडी’, शेवटी ‘फेल्ड टू गेट एसजीआयओ यूआयडी’. लगोलग दुसऱ्या डिस्कसाठी, म्हणजे एसडीबीसाठी, त्याच चार. मग पाच सेकंद काही नाही. मग पुन्हा आठ ओळी. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे १७,२८० फेऱ्या आणि १,३८,२४० ओळी. एका सर्व्हरच्या, एका दिवसाच्या.

टीममध्ये नुकताच आलेला मुलगा शेजारी बसून हे बघत होता. म्हणाला, “मॅडम, एक नियम देऊन या ओळी उडवून टाकू का? दुसरं काही वाचताच येत नाही.”

“उडवू,” मी म्हटलं, “पण आधी ही ओळ कोणाची आणि कशासाठी येते ते कळू दे. दोन दिवस दे मला.”

त्याला ते फारसं पटलं नाही. ओळ निरुपद्रवी आहे हे त्याने आधीच शोधून काढलं होतं, आणि ते खरंही होतं. तरी मी अडून बसले, कारण गेल्या वर्षी याच गोष्टीत आम्ही पाच आठवडे घालवले होते. आधी ते सांगते.

एका अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर तेव्हा वेगळीच ओळ येत होती: ‘टास्क जेबीडी२ ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’. जेबीडी२ म्हणजे ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, लिहिणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) धागा. कर्नलमध्ये असे अडकलेले टास्क शोधणारा एक पहारेकरी असतो. एखादा टास्क ‘डी’ अवस्थेत, म्हणजे कुणालाही न उठवता येणाऱ्या झोपेत, १२० सेकंदांहून जास्त राहिला की तो लॉगमध्ये इशारा लिहितो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की टास्कने डिस्ककडे काही मागितलं आणि उत्तर आलं नाही.

या ओळीच्या खाली कर्नल आणखी एक ओळ छापतो: कर्नलची सेटिंग जिथे दिसतात त्या प्रॉकमधल्या अमुक फाइलमध्ये ० लिहिलंत तर हा मेसेज बंद होईल. ही ओळ मला फार धोक्याची वाटते. घाईत असलेला माणूस तिला उपाय समजतो. आम्ही निदान तेवढं तरी केलं नाही. आम्ही वाट बघितली. दोन रात्री इशारे आले, तिसऱ्या रात्री आला नाही, चौथ्या रात्रीही नाही. तिकिटावर ‘आपोआप थांबलं, निरीक्षणाखाली’ असं लिहून आम्ही ते बंद केलं.

पुढचे पाच आठवडे लोक सांगत राहिले की सकाळी लवकर काम करताना फॉर्म सेव्ह व्हायला कधी कधी मिनिट-दोन मिनिटं लागतात. आम्ही नेटवर्क बघितलं, जावाच्या गार्बेज कलेक्शनचे आलेख बघितले, लोड बॅलन्सरचे टाइमआउट बघितले. डिस्ककडे कुणी बघितलंच नाही, कारण डिस्कचं तिकीट बंद झालेलं होतं. मग महिन्याच्या अपडेटसाठी तो सर्व्हर रीबूट झाला आणि त्याच रात्री जेबीडी२ची ओळ परत आली.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं. या पहारेकऱ्याकडे इशाऱ्यांचा कोटा असतो. कर्नलच्या सेटिंगमध्ये हंग टास्क वॉर्निंग्ज नावाचा एक आकडा आहे आणि तो मुळात १० असतो. प्रत्येक इशाऱ्यागणिक त्यातला एक कमी होतो. ० झाला की पहारेकरी गप्प. टास्क अडकणं चालूच राहतं, फक्त सांगणारं कुणी राहत नाही. रीबूट केलं की आकडा पुन्हा १०. आमच्या सर्व्हरने दोन रात्रींत दहाच्या दहा इशारे संपवले होते आणि आम्ही त्या शांततेला सुधारणा समजलो होतो.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट कळली. लॉगमध्ये डिस्कची एकही चूक नव्हती, आणि म्हणून स्टोरेज सांभाळणारे सर म्हणत होते की डिस्क ठीकच आहे. लिनक्स एरवी एससीएसआय डिस्कच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो. पण व्हीएमवेअरवरच्या व्हीएममध्ये ओपन व्हीएम टूल्स बसवले की ते यूडेव्हच्या, म्हणजे डिस्कसारखी उपकरणं ओळखणाऱ्या भागाच्या, नियमाने ही मुदत १८० सेकंद करतात. यामागे चांगला हेतू आहे: स्टोरेजच्या मागच्या बाजूला काही बदलाबदल चालली असेल तर गेस्टने, म्हणजे व्हीएमच्या आतल्या लिनक्सने, लगेच घाबरून फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करू नये. पण त्याचा परिणाम असा की १२० सेकंद उलटल्यावर ‘टास्क अडकला’ हा इशारा येतो आणि १८०च्या आत उत्तर आलं तर डिस्कची चूक कधी नोंदलीच जात नाही. ‘चूक नाही’ एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. आमच्याकडे त्याच डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या सामायिक जागेवर, राहणारी एक चाचणीची व्हीएम पहाटे मोठी कॉपी करत होती आणि बाकीच्यांचं लिहिणं रांगेत अडकत होतं. ती कॉपी हलवली आणि प्रश्न मिटला. पाच आठवड्यांच्या मनस्तापाचं काम अर्ध्या तासात झालं.

तर आता पुन्हा पाच सेकंदांच्या ओळीकडे.

मल्टिपाथ ही गोष्ट मुळात एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते असतात तिथली. फायबर चॅनेलवर एकच डिस्क सर्व्हरला चार रस्त्यांनी दिसते, म्हणजे चार वेगळ्या डिस्क असल्यासारखी दिसते. मल्टिपाथडी प्रत्येकीला तिचा कायमचा ओळख-क्रमांक विचारतो आणि क्रमांक सारखा निघाला की चारही रस्ते एका डिस्कच्या नावे बांधतो. आमच्या व्हीएमला एकच रस्ता आणि साधी आभासी डिस्क. पण उबुंटू २०.०४च्या सर्व्हर आवृत्तीत हा डीमन मुळातच बसवलेला असतो आणि तो आपलं काम इमानाने करतो. तो यूडेव्हला विचारतो, हिचा क्रमांक काय? नाही. सिसएफएसला, म्हणजे कर्नलच्या उपकरणांच्या यादीला, विचारतो. नाही. मग थेट डिस्कलाच एससीएसआय कमांड पाठवून विचारतो. तिथेही नाही. ओळख पटली नाही म्हणून तो डिस्क बाजूला ठेवतो, आणि पाच सेकंदांनी पुढच्या फेरीत ती त्याला नव्याने ‘राहून गेलेली’ दिसते. चारही ओळी त्या एका संवादाच्या आहेत.

डिस्क क्रमांक का सांगत नाही, तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये ‘डिस्क डॉट एनेबल यूयूआयडी’ हे ‘ट्रू’ केलेलं नसतं म्हणून. आम्ही ज्या टेम्प्लेटवरून व्हीएम बनवतो त्यात ते आम्ही घातलंच नव्हतं. उपाय दोन. व्हीएम बंद करून ते सेटिंग घालायचं, किंवा मल्टिपाथच्या कॉन्फिगमध्ये या आभासी डिस्क ब्लॅकलिस्ट करायच्या. मल्टिपाथची गरजच नसेल तर डीमन बंद केला तरी चालतं. मला पहिला उपाय जास्त आवडतो. मशीन बंद करावं लागतं हे खरं, पण त्यानंतर प्रत्येक डिस्कला डेव्हमधल्या बाय-आयडी फोल्डरमध्ये स्वतःचं पक्कं नाव मिळतं आणि एसडीए-एसडीबीची अदलाबदल झाली तरी घोटाळा होत नाही. दहा डिस्क असलेल्या व्हीएममध्ये ‘यातली नेमकी कुठली वाढवायची’ हा प्रश्न ज्याला पडलाय त्याला याचं मोल कळेल.

एवढं कळल्यावर त्या मुलाचा नियम टाकायला माझी हरकत नसायला हवी होती. पण सेटिंग घालण्यासाठी डेटाबेस बंद करायची वेळ शनिवारी मिळणार होती आणि मधल्या दोन दिवसांत मला त्या आवाजाखाली काय दडलंय ते बघायचं होतं.

लॉग वाचायच्या जर्नलसीटीएल कमांडला फक्त कर्नलच्या ओळी दाखव म्हणून सांगता येतं. डॅश के एवढंच. तेवढं केल्यावर पडदा थांबला. उरलेल्यात एक ओळ अशी होती की मी खुर्ची पुढे ओढली: ‘वॉचडॉग, बग, सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३ स्टक फॉर २३ एस’, आणि चौकटी कंसात पोस्टग्रेसच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या, एका प्रोसेसचं नाव. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी. आदल्या रात्रीही तीच, मिनिटभराच्या फरकाने. त्याच्या आदल्या रात्री नाही.

ही ओळ कर्नलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरची, आणीबाणीची असते. ती लॉगिन असलेल्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर येऊन आदळते. पण रात्री सव्वादोनला या सर्व्हरवर कुणीही लॉगिन नसतं. सकाळी ती बहुधा दीडेक लाख ओळींच्या मधे कुठेतरी पडलेली असायची.

मागे किती दिवस येत होती हे बघायला गेले तर जर्नल फक्त १८ दिवस मागे जात होता. हा जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, साठवणाऱ्या जर्नलडीला काही सांगितलं नसेल तर तो फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत जागा घेतो, आणि तीही जास्तीत जास्त ४ जीबी. आमची मूळ डिस्क २० जीबीची, म्हणजे २ जीबी. मल्टिपाथडीच्या ओळींनी ती जागा भरत आणली होती आणि जुन्या नोंदी त्यांच्यासाठी जागा करून देत पुसल्या जात होत्या. निरुपद्रवी ओळीचा उपद्रव हा असा असतो. ती स्वतः काही मोडत नाही, पण कामाच्या नोंदी बाहेर ढकलते.

१८ रात्रींपैकी ११ रात्री ती ओळ होती. ७ रात्री नव्हती.

माझी एक सवय आहे. इशारा काय म्हणतो ते मी नंतर वाचते, आधी तो कधी कधी येतो ते लिहून काढते. लॉगमधला वेळेचा भाग मिनिटापर्यंत कापायचा, क्रमाने लावायचा आणि मोजायचा. तीन छोट्या कमांड पाइपने जोडल्या की होतं. येण्याची लय बरंच काही सांगते. दर पाच सेकंदांनी येणारी ओळ म्हणजे कुठलातरी डीमन फेरी मारतोय. बरोबर तासाच्या ठोक्याला येणारी क्रॉनची, म्हणजे वेळापत्रकाने कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. ठरावीक अंतराने पण प्रत्येक रीबूटनंतर वेगळ्या मिनिटाला येणारी बहुधा सिस्टिमडीच्या टायमरची, जो घड्याळावर न चालता बूटपासून मोजतो. आयपी पत्त्याच्या लीजच्या निम्म्या वेळेला येणारी डीएचसीपीची. फक्त बूटच्या वेळी येऊन जाणारी ओळ हार्डवेअर शोधताना आलेली. आणि जिला कसलीच लय नाही, फक्त गर्दीच्या वेळी येते, ती सीपीयू किंवा मेमरीच्या ओढाताणीची.

ही ओळ रात्री २:०५ ते २:२०च्या मध्ये, पण रोज नाही. अशी लय मी आधी बघितली नव्हती.

आता सॉफ्ट लॉकअप म्हणजे काय. कर्नल प्रत्येक सीपीयूवर एक छोटं काम ठेवतो, त्याला अधूनमधून धावायला मिळालं पाहिजे. वॉचडॉग थ्रेशोल्ड मुळात १० सेकंद असतो आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे २० सेकंद, त्या कामाला धावायला मिळालं नाही की सीपीयू ‘अडकला’ असं जाहीर होतं. खऱ्याखुऱ्या लोखंडी सर्व्हरवर याचा अर्थ गंभीर असतो, कर्नलमधलाच काही कोड फेऱ्यात सापडलाय. व्हीएममध्ये मात्र आणखी एक शक्यता असते. सीपीयू अडकलाच नसेल, तो त्या २० सेकंदांत अस्तित्वातच नसेल. हायपरव्हायझरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सगळी व्हीएम गोठवून ठेवली आणि सोडली. गेस्ट जागा झाला, घड्याळ बघितलं, २३ सेकंद गेलेले दिसले, आणि ते सीपीयूच्या नावावर घातले. केव्हीएम या हायपरव्हायझरवर यासाठी सोय आहे: मधे तुला थांबवलं होतं, असा निरोप होस्ट, म्हणजे खालचं खरं मशीन, गेस्टला देतो आणि वॉचडॉग तेवढ्यापुरता तो इशारा गिळतो. सगळीकडे तसं नसतं.

डेटाबेसच्या टीमला पोस्टग्रेसचं नाव बघून व्हॅक्यूमवर, म्हणजे त्याच्या साफसफाईच्या कामावर, शंका होती. त्यांच्यावर राग नाही, नावच छापून आलं की कुणीही तेच म्हणेल. पण कंसातलं ते नाव त्या क्षणी त्या सीपीयूवर कोण होतं एवढंच सांगतं. डेटाबेस सर्व्हरवर तिथे पोस्टग्रेस सापडणारच.

मग एकट्या पोस्टग्रेसने सीपीयू ३ अडवला होता, की सगळी व्हीएमच थांबली होती? हे ठरवायचं कसं?

उत्तर मला त्या पाच सेकंदांच्या ओळींनी दिलं. मी गाळणी काढली आणि २:१४च्या आसपासचा सगळा लॉग कच्चा वाचला. २:१३:५६ला आठ ओळी. २:१४:०१ला आठ ओळी. २:१४:०६ला आठ ओळी. त्यानंतर थेट २:१४:३०. मधे काहीच नाही. एकच सीपीयू अडकला असता तर उरलेल्या तीन सीपीयूंपैकी एखाद्यावर मल्टिपाथडी चालू राहिला असता, त्याने ११ला, १६ला, २१ला, २६ला आपली तक्रार लिहिली असती. चार फेऱ्या गायब होत्या. दिवसाच्या १७,२८० फेऱ्यांपैकी नेमक्या या चार. ११च्या ११ रात्री मी तपासल्या, प्रत्येक रात्री तेवढंच भगदाड. आणि उरलेल्या ७ रात्री त्याच वेळेला ठोका एकदाही चुकलेला नव्हता.

मी त्या मुलाला बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवून ०६ आणि ३० दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, नियम टाकला असता तर हे दिसलंच नसतं.” दिसलं नसतं. मला स्वतःलाही हे अपेक्षित नव्हतं. मी फक्त घाई केली नव्हती.

पुढचं काम व्हीएमच्या बाहेरचं होतं. व्हीएमवेअरवर प्रत्येक व्हीएमच्या फोल्डरमध्ये तिची स्वतःची लॉगफाइल असते, व्हीएमवेअर डॉट लॉग नावाची. ती व्हीएमच्या आत दिसत नाही, डेटास्टोअरवर जाऊन उघडावी लागते, म्हणून गेस्ट सांभाळणारे आमच्यासारखे लोक तिच्याकडे फिरकत नाहीत. तिच्यात ‘चेकपॉइंट अनस्टन’ शोधायचं. पुढे लिहिलेलं असतं, व्हीएम इतके मायक्रोसेकंद थांबली होती. त्या रात्रीचा आकडा होता २,३६,८४,११७. म्हणजे २३.७ सेकंद. फाइलमधली वेळ यूटीसीमध्ये असते तेवढं लक्षात ठेवून जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर सगळं काही तासांनी सरकलेलं दिसतं.

रात्री २ला बॅकअप सुरू व्हायचा. बॅकअपसाठी आधी स्नॅपशॉट घेतात, मूळ डिस्क स्थिर ठेवून नवीन लिहिणं वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं, आणि बॅकअप झाला की डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळून स्नॅपशॉट काढतात. या मिसळण्याच्या शेवटी व्हीएम क्षणभर थांबवावीच लागते. एरवी हा क्षण खरोखरच क्षण असतो. आमचा २३ सेकंदांचा का?

इथे त्या ७ शांत रात्री कामाला आल्या. व्हीएमवेअरचा कारभार बघणारा व्हीसेंटर मुळात ३० दिवसांच्या घडामोडी जपून ठेवतो, त्यातून त्या १८ रात्री ही व्हीएम कुठल्या होस्टवर होती ते काढलं. भार वाटून देण्यासाठी व्हीएम आपोआप इकडून तिकडे हलतात, त्यामुळे ती कधी एका होस्टवर तर कधी दुसऱ्यावर होती. शांत असलेल्या सातही रात्री ती आणि बॅकअप घेणारी प्रॉक्सी व्हीएम एकाच होस्टवर होत्या. अकरा रात्री वेगवेगळ्या. आमचं डेटास्टोअर एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वापरायच्या पद्धतीच्या, ३ऱ्या आवृत्तीवर, आणि बॅकअपची पद्धत अशी की प्रॉक्सी आपल्या स्वतःला ती डिस्क जोडून घेते. डिस्कची फाइल एका वेळी एकाच होस्टच्या कुलपात असते. एनएफएस ३वर हे कुलूप एका होस्टकडून दुसऱ्याकडे जाताना जुन्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ व्हीएम गोठलेली राहते. ही या जोडणीची माहितीतली मर्यादा आहे. ती लक्षात न घेता बॅकअपची रचना केली होती आम्हीच.

उपाय तीन होते: प्रॉक्सीला व्हीएमबरोबर एकाच होस्टवर बांधणे, डेटास्टोअर एनएफएस ४.१वर नेणे, किंवा या व्हीएमचा बॅकअप डिस्क न जोडता नेटवर्कवरून घेणे. आम्ही तिसरा घेतला, कारण तो त्याच दिवशी करता येत होता. बॅकअपला १४ मिनिटांऐवजी आता जवळपास ४० लागतात. रात्री दोनला त्या जादा मिनिटांची कुणाला अडचण नाही.

हे सगळं कळल्यावर मला ज्या गोष्टीचं खरं वाईट वाटलं ती तांत्रिक नाही. रात्रीचा हिशेब जुळवणीचा एक जॉब आठवड्यातून तीन-चारदा पडायचा, ‘कनेक्शन तुटलं’ म्हणून. सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी एक सहकारी तो हाताने पुन्हा चालवायची. तिला वाटायचं ते असंच असतं. तिच्या वहीत त्याच्या खुणा होत्या, दीड वर्षाच्या. आमची मॉनिटरिंग दर पाच मिनिटांनी विचारायची, तिला २३ सेकंद कधी सापडलेच नाहीत. मी तिच्याकडे जाऊन सांगितलं की आता ते व्हायला नको, झालं तर त्याच दिवशी मला सांग. तिने वही उघडून खूण करायची जागा दाखवली आणि म्हणाली, “बरं झालं गं, मला वाटायचं माझंच काही चुकतंय.”

शनिवारी डेटाबेस बंद करून यूयूआयडीचं सेटिंग घातलं. मल्टिपाथडी गप्प झाला. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके चालवून डिस्कवर कुठलं मल्टिपाथचं नाव चढलेलं नाही ना हे बघून घेतलं, तेवढं जरूर बघावं. टेम्प्लेटही दुरुस्त केली. त्या मुलाने आता पाच सेकंदांच्या ठोक्याच्या जागी एक छोटा टायमर लावलाय, जो दर पाच सेकंदांनी वेळ बघतो आणि आधीच्या वेळेपासून सात सेकंदांहून जास्त गेले असतील तरच एक ओळ लिहितो. मला त्याची ही कल्पना फार आवडली.

बाकीच्या ओळखीच्या ओळींबद्दल थोडक्यात. बूटच्या वेळी ‘एसएमबस होस्ट कंट्रोलर नॉट एनेबल्ड’ आणि ‘अझ्युमिंग ड्राइव्ह कॅश, राइट थ्रू’ या व्हीएमवर नेहमी दिसतात, आभासी हार्डवेअर खऱ्यासारखं सगळंच पुरवत नाही म्हणून. त्या सोडून द्याव्यात. ‘पर्फ, इंटरप्ट टुक टू लाँग’ ही ओळ आली की कर्नलने स्वतःचा नमुने घेण्याचा वेग कमी केलेला असतो, तुम्ही प्रोफायलिंग करत नसाल तर काही बिघडत नाही. पण ‘टीएससी अनस्टेबल’, म्हणजे सीपीयूमधलं घड्याळ भरवशाचं नाही, म्हणून कर्नलने घड्याळाचा स्रोत बदलला असेल तर ते सोडू नका. हळू स्रोतावर गेलेल्या सर्व्हरवर प्रत्येक वेळ-विचारणा महाग होते, आणि डेटाबेस दर क्षणाला वेळ विचारत असतो.

सीपीयूच्या ओढाताणीचा संशय असेल तर केव्हीएम किंवा झेनवर टॉप कमांडमधला ‘एसटी’ रकाना बघावा, म्हणजे आपल्याला हवा असताना होस्टने दुसऱ्याला दिलेला वेळ. व्हीएमवेअरच्या गेस्टमध्ये हा रकाना एरवी ०च दाखवतो, तिथे बाहेरून ‘रेडी’, म्हणजे सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ, बघायचा. तो मिलिसेकंदांत असतो आणि ताज्या आलेखाचा नमुना २० सेकंदांचा. एका सीपीयूला २,००० दिसले तर तो १० टक्के वेळ नुसता रांगेत उभा होता. अशा वेळी लोक व्हीएमला आणखी सीपीयू देतात. माझ्या अनुभवात गर्दीच्या होस्टवर त्याने रांग वाढते. दोन काढून बघा आधी.

आम्ही आता एक साधी फाइल ठेवतो. प्रत्येक परिचित ओळीला एक नोंद: शब्द काय, कोण लिहितो, लय कशी, का येते, कुणी ठरवलं की निरुपद्रवी, कुठल्या तारखेला. नोंद नसेल तर गाळणीत नियम टाकायचा नाही. पहिली नोंद त्या मुलाच्या हातची आहे, मल्टिपाथडीची, आणि ‘लय’च्या रकान्यात त्याने लिहिलंय: ५ सेकंद, चुकली तर बाहेर बघा.

नेटवर्कवरून बॅकअप सुरू केल्याच्या दुसऱ्या सकाळी मी व्हीएमवेअर डॉट लॉग उघडला. अनस्टनची ओळ होती, ०.४ सेकंदांची. कर्नलच्या लॉगमध्ये काहीच नव्हतं. मग सवयीने हंग टास्क वॉर्निंग्जचा आकडा वाचला. १० होता. म्हणजे ही शांतता खरी.

आणि मग वाटलं की हा आकडा बाकी सर्व्हरवरही वाचून बघावा. एका ओळीची स्क्रिप्ट, ४१ सर्व्हर. अडतीस ठिकाणी १० आला, एका ठिकाणी ६, आणि दोन ठिकाणी ०. त्या दोन्ही सर्व्हरच्या लॉगमध्ये गेला महिनाभर एकही इशारा नाही, आणि आमच्या यादीत ते दोन्ही ‘ठीक’ म्हणून हिरवे आहेत. दोन्हींवर आकडा पुन्हा १० करून ठेवलाय. आज रात्रीनंतर काय उमटतं ते उद्या सकाळी बघायला बसणार आहे.